पिवळी, लाल, काळी : डॅशकॅम गाडीच्या वायरिंगला जोडल्याचे अनुभव

शनिवारसकाळ
काल टेबलाचा खालचा खण आवरताना कागदाच्या पुडीत एक फ्यूज सापडला. निळा, १५ अँपिअरचा. पुडीवर माझ्याच अक्षरात 'गाडी' एवढंच लिहिलेलं. जुन्या गाडीत डॅशकॅम (काचेवर बसून समोरचं शूटिंग करणारा कॅमेरा) पक्का बसवला त्या दिवशीचा हा, एवढं नक्की. कुठून काढला होता ते मात्र आठवत नाही.

तोवर कॅमेरा लाइटरच्या सॉकेटवर चालायचा. वायर काचेवरून उतरून गिअरपाशी लोंबायची. बायको म्हणायची, वेल चढवलाय का गाडीत? शिवाय गाडी उभी असताना कोणी घासून गेलं तर तेही टिपावं, हा हव्यास. म्हणून कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगवर चालवणारी तीन वायरींची डबी आणली. पिवळी कायम करंट असलेल्या फ्यूजवर, लाल चावी फिरवल्यावर करंट येणाऱ्या फ्यूजवर, काळी बॉडीला. वाचायला किती सोपं!

अख्खी सकाळ गाडीत डोकं खाली पाय वर करून घातली. कॅमेरा लागला, वायर कुठेच दिसेना. संध्याकाळी तीनदा खाली जाऊन नुसतं बघून आलो. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला तर कट् कट् कट्. बॅटरी झोपलेली.

लाल वायरही मी कायम करंट असलेल्या जागीच लावली होती. त्यामुळे गाडी बंद झाली हे कॅमेऱ्याला कळलंच नाही. त्याने रात्रभर इमानदारीत समोरच्या भिंतीचं शूटिंग केलं. कार्डात सगळं होतं. भिंत, भिंत, एक मांजर, भिंत. पुढे गॅरेजवाल्याने लाल वायर दुसऱ्या फ्यूजवर हलवून दिली, आणि मी आठवडाभर कोणाला सांगितलं नाही.

तुमच्या गमती येऊ द्या. घोळ असतील तर जास्त बरं.

ढकलस्टार्ट
भिंत, भिंत, एक मांजर, भिंत 😂😂

कोपऱ्यातली खुर्ची
माझं बरोब्बर उलटं. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल. कॅमेरा चावी फिरवली की चालू, काढली की बंद. मला वाटलं वा, काय झकास काम झालं. आठ महिने याच भ्रमात. मग एक दिवस बंपरवर हातभर ओरखडा दिसला. आलो ऐटीत, कार्ड लॅपटॉपला लावलं. गाडी उभी असतानाची एकही फाइल नाही. आठ महिन्यांत एकही नाही! पिवळीलाच करंट नसेल तर तो पहारा देणार कसा? जोडणी झाली की त्याच दिवशी गाडी लॉक करून काचेसमोर हात हलवून बघा आणि फाइल सापडते का ते तपासा. मी हे शहाणपण ओरखड्यानंतर मिळवलं.

निळीछत्री
वाचतेय. आमच्याकडे हा उद्योग नवऱ्याने केला, मी फक्त मोबाइलचा टॉर्च धरून उभी होते दोन तास. 'इकडे नाही गं, तिकडे.' 'तिकडे म्हणजे कुठे?' हा अख्खा संवाद कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालाय कारण आवाज बंद करायला विसरला होता. अजून जपून ठेवलाय. वेळप्रसंगी वापरते.

वायरवेडा
@शनिवारसकाळ, तुमच्या डबीवर एक बारीक स्विच असेल, ११.६ / ११.८ / १२.० / १२.२ असे आकडे लिहिलेला. गाडी उभी असताना बॅटरी किती व्होल्टवर उतरली की कॅमेरा बंद करायचा, ते त्यावर ठरतं. तो बघितला होतात का? बहुतेक जण येतो तसाच ठेवतात. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि शांत असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.६-११.८ म्हणजे जवळपास रिकामी. त्या आकड्याला कॅमेरा बंद झाला तरी सेल्फ मारायला काय उरणार? मी १२.२ वर ठेवतो. कॅमेरा पहाटे लवकर झोपतो, झोपू दे. आणि बॅटरी वरचेवर इतकी खाली गेली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती पूर्वीसारखी भरतच नाही.
हायब्रिड आणि इलेक्ट्रिकवाल्यांनी जास्त जपा. त्यांची १२ व्होल्टची बॅटरी बऱ्याचदा लहान असते. ती गेली की एवढी मोठी गाडी नुसती उभी.

शनिवारसकाळ
११.६ वर होता. तसंही दोन्ही वायरी कायम करंटवर म्हटल्यावर माझ्या डबीने तो आकडा बघितलाच नसेल. चावी फिरवलेलीच आहे अशी तिची समजूत.

रातपाळी
मीटिंगमध्ये आहे, कॅमेरा बंद करून लिहितोय (तो वाला कॅमेरा).
माझी भानगड अर्थिंगची. खड्डा आला की कॅमेरा बंद होऊन परत चालू. तारीख परत १ जानेवारी. मी कार्ड बदललं, कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बदललं, शेवटी कॅमेरा बदलला. नवा कॅमेराही खड्ड्यात बंद! काळी वायर मी ज्या नटाखाली आवळली होती त्याच्या खाली रंगाचा थर होता. वरून घट्ट, आतून अर्धवट. पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, पाच मिनिटांचं काम. जुना कॅमेरा ठणठणीत निघाला. तो आता मेहुण्याच्या गाडीत आहे आणि मेहुणा म्हणतो खूप छान चालतो.

गप्पिष्ट
मेहुण्याचं नेहमी भलंच होतं.

ओलंपान
जरा गंभीर लिहिते, रागावू नका. वायर दाराशेजारच्या पुढच्या खांबातून खाली आणताना त्या प्लॅस्टिकच्या आवरणावर 'एअरबॅग' लिहिलंय का ते आधी बघा. असेल तर आत पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. वायर तिच्या पुढून घेतली तर ती उघडताना वायर आड येते किंवा माणसाच्या अंगावर फेकली जाते. नेहमी मागून, मूळच्या वायरिंगच्या सोबतीने न्यायची. आवरण धरून ठेवणारी क्लिपही काही गाड्यांत एकदाच वापरायची असते, काढली की नवी. आणि एअरबॅग, ब्रेक, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजांवर काहीही जोडू नका, तिथे टेस्ट लॅम्पही टोचू नका. माझ्या भावाने फक्त 'बघू या करंट आहे का' म्हणून टोचला. फुटलं काही नाही, पण एअरबॅगचा दिवा लागला तो सर्व्हिस सेंटरमध्ये जाईपर्यंत विझला नाही. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता.

ढकलस्टार्ट
@ओलंपान, रागावतंय कोण, मी माझी कुठून गेलीय ते बघायला खाली चाललोय.

दोनचाकी
डॅशकॅम नाही माझ्याकडे पण विचारतो, फ्यूज काढता कसे? बोटात येतच नाहीत.

वायरवेडा
फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून छोटा प्लॅस्टिकचा चिमटा अडकवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तरी.

रातपाळी
चिमटा असतो??? मी पक्कडने ओढले सगळे

कोपऱ्यातली खुर्ची
मी नेलकटरने.

निळीछत्री
नवऱ्याला विचारलं. दातांनी काढणार होता, मी अडवलं म्हणे. मला आठवत नाही पण शोभतं त्याला.

पाचवा गिअर
माझी चूक जरा वेगळ्या जातीची, म्हणून सविस्तर लिहितो. मी मल्टीमीटर घेऊन नीट बसलो होतो. गाडी बंद, चावी खिशात, एकेक फ्यूज तपासला. आतल्या दिव्याच्या फ्यूजवर करंट मिळाला, पिवळी तिथे. कॅमेऱ्याचा पहारा सुरू. पण रोज सकाळी बघावं तर रात्रीच्या पहिल्या वीसेक मिनिटांचंच शूटिंग. कॅमेरा आळशी म्हणून शिव्या घातल्या. खरं कारण असं की हल्लीच्या गाड्या लॉक केल्यावर थोड्या वेळाने स्वतः झोपतात आणि काही लाइनींचा करंट काढून घेतात. मी तपासलं तेव्हा दार उघडं होतं, म्हणजे गाडी जागीच होती! मग लॉक केलं, अर्धा तास थांबलो, काच आधीच खाली ठेवली होती, तिच्यातून हात घालून मीटर लावला. शेजारच्या काकू बाल्कनीतून बघत होत्या. अर्ध्या तासाने 'गाडी तुझीच ना रे?' आली. धोक्याच्या चारही दिव्यांचा फ्यूज माझ्या गाडीत कायम जागा निघाला. तुमच्यात दुसरा कुठला असेल, मीटरनेच बघा.

ओलंपान
काकूंची पाळत बॅटरीशिवाय चालते.

गप्पिष्ट
आणि व्होल्टेज कितीही पडलं तरी बंद होत नाही 😄

आडवाटे
एफएमवाले आहेत का कोणी? कॅमेरा लावला की आमची दोन स्टेशनं गायब, नुसती खरखर. रिमोटनेही दार उघडेना, अगदी जवळ जावं लागे. १२ चे ५ व्होल्ट करणारी ती डबीच गोंगाट करते म्हणे. वायरवर गोंगाट दाबणारं फेराइटचं कडं अडकवलं, फरक जेमतेम. शेवटी डबी अँटेनाच्या वायरजवळून काढून खाली फ्यूज बॉक्सपाशी बांधली, खरखर गेली. हे सासऱ्यांनी सुचवलं, ते जुने रेडिओ दुरुस्त करायचे. पंधरा दिवस मी त्यांचं ऐकलं नव्हतं. आता ते दर भेटीत 'रेडिओ कसा आहे?' विचारतात.
बाळ उठलं, नंतर येते.

माझी वायर लोंबते
आयडी वाचा. सुखी आहे.

दोनचाकी
🙏

पाचवा गिअर
मागच्या कॅमेऱ्याबद्दल कोणी काही लिहिलंच नाही. डिकीच्या दारातल्या रबरी नळीतून वायर ओवायला मला पुढच्या कॅमेऱ्याच्या दुप्पट वेळ लागला. साबणाचं पाणी लावलं तेव्हा कुठे सरकली. वर्षभरात उघडझाप करून करून आत वायर तुटली. आता जरा ढील ठेवून ओवलीय.

वायरवेडा
अजून एक, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून तिथून कॅमेऱ्यासाठी करंट काढायचा तो तुकडा) घेताना मूळ फ्यूजचा आकार बघा. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो, दिसायला भावंडं, बसायला वैरी. जोर लावून बसवला तर आतली पितळी पकड पसरते आणि मग सगळंच लूज. टॅप बसल्यावर फ्यूज बॉक्सचं झाकण लागत नाही हे वेगळंच दुःख.
टॅपला दोन खाचा असतात. एकीत तुम्ही काढलेला मूळ फ्यूज परत घालायचा, दुसरीत कॅमेऱ्यासाठी २-३ अँपिअरचा. मूळ फ्यूज घातला नाही तर ती जुनी लाइन मेली.

रातपाळी
@वायरवेडा थांबा थांबा. @शनिवारसकाळ तुमच्या पुडीत काय सापडलं म्हणालात?

शनिवारसकाळ
निळा. १५.
...
नाही हो. कॅमेरा तर चालत होता की.

वायरवेडा
चालणारच. टॅप बरोबर दिशेने बसला असेल तर कॅमेऱ्याच्या खाचेला वरूनच करंट मिळतो, मूळ फ्यूज असो नसो. म्हणजे ती एक गोष्ट तुमच्या हातून बरोबर झाली होती, अभिनंदन. नंतर तुमच्या गाडीत काय बंद पडलं होतं ते आठवा. १५ अँपिअर, आणि गाडी बंद असतानाही कायम करंट.

कोपऱ्यातली खुर्ची
लाइटरचं सॉकेट! काही गाड्यांत चावी काढली तरी चालू असतं.

शनिवारसकाळ
सॉकेट बंदच होतं. कॅमेऱ्याची वायर निघाल्यावर तिथे काही लावायची वेळच आली नाही. वर्षाभराने पंप लावून बघितला, चालेना. गेलं असेल म्हटलं. गॅरेजवाल्याने टॅप हलवला तेव्हा ती जागा रिकामी दिसली असणार, आणि रिकाम्या जागा असतातच बॉक्समध्ये. गाडी विकताना घेणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगितलं, 'बाकी सगळं उत्तम, फक्त सॉकेट खराब आहे.'

गप्पिष्ट
प्रामाणिकपणे 😂😂😂

आडवाटे
आले परत. काय झालं? एवढे हसताय का सगळे?

निळीछत्री
वरून वाच गं सगळं. मी मोठ्याने वाचून दाखवलं, नवरा खूश झालाय. म्हणतो, बघ, दातांनी काढणारा तरी परत बसवतो.

ढकलस्टार्ट
खाली जाऊन आलो. एअरबॅगच्या पुढूनच गेलीय. रविवारी टॉर्च धरायला कोणी येतंय का?

शनिवारसकाळ
नवीन मालकाचा नंबर सापडला. पुडी घेऊन निघतोय.