ऑफिसच्या फ्रिजमधली कोरफड

ए-१०४: नमस्कार. सोसायटी ऑफिसचा फ्रिज आत्ता उघडला, वासाने उभं राहवेना. कोरफडीच्या गराच्या बरण्या आहेत, दोन तपकिरी झाल्यात, एकीचं झाकण फुगलंय. कोणाच्या ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही.

बी-३०२ काकू: घ्या की नाव. माझ्याच आहेत. हळदीकुंकवाला वाण द्यायला केल्यात, सेक्रेटरींना विचारून ठेवल्या. मागे तुमचं श्रीखंड तिथेच किती दिवस होतं, तेव्हा मी ग्रुपवर टाकलं नाही.

ए-१०४: श्रीखंडाचा इथे काय संबंध?

डी-५०१ काका: व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घाला, गर वर्षभर टिकतो. 🙏

सी-२०१ (लॅबवाली): काकू, रागावू नका, पण झाकण फुगलेली बरणी म्हणजे आत आंबायला लागलंय. नुसता रंग बदलला तर हवेमुळे म्हणता येईल, आंबूस वास आला की टाकूनच द्यायचं. कृपया ते कोणाच्या चेहऱ्याला जाऊ देऊ नका.

बी-३०२ काकू: अगं, मी फ्रिजमध्येच ठेवलंय ना! पान उभं करून पिवळा चीक निथळू दिला, साल काढली, गर दोनदा धुतला. बरण्या उकळून वाळवल्या. आणखी काय करायचं?

सी-२०१: तुमचं सगळं बरोबरच होतं. पण गरात ९८-९९ टक्के पाणी, त्यात टिकवणारं काहीच नाही. चांगल्या फ्रिजमध्येही जेमतेम आठवडा.

डी-५०१ काका: व्हिटॅमिन ई घाला. वर्षभर टिकतो. माझ्या मेहुणीने केलंय.

ए-४०३: मेहुणी टिकली का 😄

डी-५०१ काका: ही भाषा बरी नव्हे.

खजिनदार: माहितीसाठी. कार्यक्रम नसेल तेव्हा ऑफिसचा फ्रिज रात्री बंद ठेवायचा असं सभेत ठरलंय. मिनिट्स बघा. वीजबिल कोण भरतं?

बी-३०२ काकू: म्हणजे रोज रात्री माझा गर गरम होत होता?! सेक्रेटरी साहेब, मला हे कोणी सांगितलं नाही.

सेक्रेटरी: काकू, नोटीस बोर्डवर होतं. तरी गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.

ए-१०४: मुद्दा एवढाच की तो फ्रिज सोसायटीच्या कार्यक्रमांसाठी आहे.

बी-३०२ काकू: हळदीकुंकू कोणाचा कार्यक्रम आहे मग?

बी-१०२: आणि पाठच्या वाफ्यातली कोरफड पार बोडकी झालीय. ती सगळ्यांची आहे. बाहेरची जून पानं घ्यायची असतात, मधला कोंब नाही.

बी-३०२ काकू: कोंब मी नाही काढला. माळ्याला विचारा.

सी-२०१: फ्रिजचं मिटलं असेल तर पुढचं सांगते. गर मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. गोठला की वड्या झिपच्या पिशवीत, वर तारीख. काही महिने जातात. लागेल तेवढी एकच वडी काढायची, वितळलेली परत गोठवायची नाही. वितळल्यावर पातळ होतो, ते चालतं. लाईट खूप वेळ गेली आणि वड्या विरघळल्या, तर त्याही फेकायच्या.

डी-५०१ काका: व्हिटॅमिन ई बद्दल कोणी बोलतच नाही.

सी-२०१: काका, बोलते. ई मुळे तेल खवट होत नाही. व्हिटॅमिन सी मुळे गर काळा पडायला उशीर लागतो. पण दोन्हींमुळे जंतू थांबत नाहीत. दुकानातल्या जेलमध्ये सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असतं, म्हणून ते टिकतं. घरच्या गरात ते नाही, म्हणून थोडाच करायचा.

सी विंग आजी: आम्ही ताजं पान चिरून लावायचो. उरलेलं कुठे ठेवायचं हा प्रश्नच नव्हता.

ए-३०१: आजी, पण सकाळी ऑफिसला जायच्या घाईत पान कोण चिरणार? आठवड्यापुरता काढून घरच्या फ्रिजमध्ये, लहान काचेच्या बाटलीत. आणि ओलं बोट घालायचं नाही, कोरडा चमचा. आमच्याकडे बोटानेच वाट लागते.

बी-३०२ काकू: मग वाणाला काय देऊ? रथसप्तमी तोंडावर आलीय.

बी-१०२: वाफ्यात मुळाशी पिल्लं भरपूर आहेत. छोट्या कुंडीत एकेक लावून द्या. ज्याला गर हवा तो पान तोडेल.

बी-३०२ काकू: एवढ्या कुंड्या कोण आणणार?

खजिनदार: सांस्कृतिक निधीत पैसे आहेत. बिल आणा, पक्कं.

डी-५०१ काका: कुंडीत व्हिटॅमिन ई घालायची गरज नाही.

ए-४०३: काका 🙏🙏

सी-२०१: कुंडीबरोबर चिठ्ठी द्या काकू. पिवळा चीक पोटात जाऊ द्यायचा नाही, जुलाब होतात. गर पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. आणि ए-३०१, तुमचं मांजर कुंडीपासून लांब ठेवा, मांजर-कुत्र्यांना कोरफड बाधते.

ए-३०१: आमच्यासाठी कुंडी नको मग. तिळगूळ चालेल.

ए-१०४: बरण्या अजून फ्रिजमध्येच आहेत.

बी-३०२ काकू: मुलाला पाठवतेय. फ्रिज सोड्याने पुसूनही देईल. आणि खजिनदार, आज रात्री तो चालू ठेवा, उद्याचं दूध त्यातच येणार आहे.