बफिंगचं चाक लांबच ठेवा

लिलावात घेतलेल्या कोल्ट नेव्ही या जुन्या रिव्हॉल्व्हरचा (१८५१ चं मॉडेल) गंज बफिंगच्या, म्हणजे पॉलिश करणाऱ्या फिरत्या चाकावर काढू का, असं विचारलंय. अजिबात नको! तिच्या सिलिंडरवर (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) १८४३ च्या, मेक्सिकोतल्या कांपेचेजवळच्या आरमारी लढाईचं चित्र ठशाने उमटवलेलं असतं, तेही अगदी उथळ. चाक फिरलं की जहाजं, शिडं सगळं सफाचट. किंमतही त्याबरोबर गेली. तेल मुरू द्या, मग सगळ्यात बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा बोळा), हलक्या हाताने. स्क्रूला नेहमीचा निमुळता स्क्रूड्रायव्हर लावू नका, निसटतो आणि खाच फाटते. समांतर पात्याचा घ्या. आणि हो, सगळ्यात आधी सिलिंडरचे सहाही कप्पे तपासा. जुनी काळी दारू (बंदुकीची) आत तशीच राहिलेली असू शकते, आणि ती कोरडी असेल तर आजही पेटते. शंका आली तर सरळ जाणकार बंदूक-कारागिराकडे द्या.