पावसाळ्यातल्या मासेमारीसाठी रेनकोट निवडताना नेमके काय पाहावे?

रामबागवासी

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहतो आणि गेली चार वर्षे गळाने मासे धरण्याचा छंद जोपासतो आहे. मागच्या सप्टेंबरमध्ये चोरल धरणाच्या काठावर सलग तीन तास पावसात बसण्याचा प्रसंग आला. अंगात दुकानदाराने ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेला रेनकोट होता. पहिला अर्धा तास निभावला, पण नंतर उजवी बाही कोपरापर्यंत भिजली, बैठकीची बाजू ओली झाली आणि शेवटी आतला सुती शर्ट पाठीला चिकटून बसला. घरी येऊन कोट उजेडासमोर धरून पाहिला, तर त्याला कुठेही छिद्र नव्हते. सिमरोलचा घाट चढताना वाऱ्याने जी हुडहुडी भरली, तिचा शेवट चार दिवसांच्या तापात झाला.

या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस चौदा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन नर्मदेकडे जाण्याचा विचार आहे. महू आणि जाम गेटमार्गे मोटारसायकलने उतरायचे, एक दिवस काठावर बसायचे आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस नावेत काढायचा, असा बेत आहे. दोघांच्या कपड्यांसाठी मिळून सात ते आठ हजार रुपये खर्च करता येतील. कोट किती वॉटरप्रूफ आहे हे सांगताना बाजारात कोणी पाच हजार, कोणी दहा हजार, कोणी वीस हजार असे आकडे सांगतो आणि त्या आकड्यांचा अर्थ विचारला की गप्प बसतो. ज्यांनी प्रत्यक्ष पावसात दिवस काढले आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. मुलगा बरोबर असल्यामुळे या वेळी मला अंदाजावर खरेदी करायची नाही.

मंडलेश्वरकडचा

रामबागवासी, आपण वेळ योग्य निवडली आहे. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून नद्यांमध्ये मासेमारीला बंदी असते आणि ती प्रत्येकाने मनापासून पाळली पाहिजे. नर्मदेतला बाडस, म्हणजे आपल्या राज्याचा राजमासा महसीर, टिकायचा असेल तर दुसरा मार्ग नाही. बंदी उठल्यावरही तिथल्या सहकारी संस्थेची किंवा ठेकेदाराची परवानगी आधी घ्यावी.

आता आपल्या कोटाविषयी. आपण तीन जागी भिजलात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या तिन्हींची कारणे वेगळी आहेत. बाही कापडामुळे भिजली नाही. गळ फेकताना हात वर जातो, मनगटावर पडलेले पाणी उघड्या बाहीतून उताराने कोपराकडे येते आणि ही क्रिया तीन तासांत शंभरदा होते. बाहीच्या टोकाला आतून एक दुसरी, मनगटाला घट्ट बसणारी पट्टी असेल तरच हे थांबते. मासेमारीसाठी बनवलेल्या चांगल्या कोटांत ती निओप्रिनची, म्हणजे लवचीक कृत्रिम रबराची असते. साध्या कोटात निदान व्हेल्क्रोने आवळता येणारी बाही तरी असावी. बैठकीच्या बाजूचे कारण वेगळे आहे. ज्या आकड्यांविषयी आपण विचारले, ते मिलिमीटर आहेत. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि किती उंचीला पाणी पलीकडे झिरपू लागते ते मोजतात. नुसत्या पडणाऱ्या पावसाला पाच हजार पुरतात, पण ओल्या दगडावर किंवा नावेच्या फळीवर माणूस सगळ्या वजनानिशी बसतो, तेव्हा तेवढ्याशा जागेवर दाब फार वाढतो. म्हणून कोट दहा हजारांचा चालेल, पण पॅन्ट त्याहून वरचीच घ्यावी आणि बसताना खाली फोमचा तुकडा ठेवावा.

पाठीला चिकटलेला शर्ट मात्र बहुतेक आपल्याच घामाचा होता, आणि इथेच इंदूरहून खाली उतरणाऱ्या माणसाची फसगत होते. महागड्या कोटांवर दुसरा एक आकडा असतो. चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर पडते, ते तो सांगतो. त्या कापडातल्या पातळ पडद्याला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. ती बाहेर जाण्यासाठी मात्र आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा अधिक उष्ण आणि दमट असावी लागते. थंड प्रदेशात हे सहज घडते. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि महेश्वर-मंडलेश्वरचा काठ दीडशे मीटरच्या आसपास. जाम गेटवर धुक्यात दात वाजतात आणि तासाभरात खाली निमाडात पोचलो की भर पावसातही उकडते. बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असेल, तर वाफेने जायचे कुठे? मी एकदा बरेच पैसे मोजून असा कोट घेतला आणि श्रावणात त्याच्या आत तसाच भिजलो.

तेव्हापासून मी वाफेचा आकडा पाहणे सोडून दिले आणि कोटाला वारा येण्याची वाट आहे का, एवढे पाहू लागलो. काखेखाली उघडणारी चेन असावी. पाठीवर झालरीखाली जाळी असावी. कोट अंगापेक्षा एक माप मोठा असावा. आत सुती शर्ट मुळीच घालू नये, कारण सूत पाणी धरून ठेवते. पातळ पॉलिस्टरचा बनियन किंवा टी-शर्ट घालावा. तो भिजतो, पण अंगावरच लवकर वाळतो आणि परतीच्या वाऱ्यात हुडहुडी भरत नाही. आमचे आजोबा पावसात घोंगडे पांघरून काठावर बसत. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, हे त्यांना कोणत्याही आकड्याशिवाय माहीत होते.

शिवणघर

मी ताडपत्री, बॅगा आणि रेनकोट यांच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे फाटलेले आणि गळणारे कोट रोज हातातून जातात. माझ्या अनुभवात कापड क्वचित गळते, गळते ती शिवण. सुईचे प्रत्येक टोचणे हे एक छिद्र असते आणि ते झाकण्यासाठी आतून टेप चिकटवावी लागते. दुकानात कोट उलटा करून पाहावा. खांदा, काख, टोपीचा जोड आणि पॅन्टच्या दोन्ही पायांच्या मधला जोड या सगळ्या जागी सलग टेप दिसली पाहिजे. कित्येक कोटांत ती फक्त खांद्यावर असते आणि तरीही वर वॉटरप्रूफ असे छापलेले असते. टेपच्या कडेला नखाने हलके खरवडावे. कड तिथेच उचलली गेली तर तो कोट एक पावसाळाही काढणार नाही.

कापडाविषयी एक गोष्ट इथे अजून कोणी लिहिली नाही. आपल्याकडचे बहुतेक हलके रेनकोट नायलॉन किंवा पॉलिस्टरवर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप देऊन केलेले असतात. हा लेप उष्णता आणि ओल यांच्या संगतीत हळूहळू विघटित होतो. कोट ओला असतानाच घडी करून गाडीच्या डिकीत टाकला आणि ऑक्टोबरच्या उन्हात तसाच राहिला, की पुढच्या जूनमध्ये आतून चिकट लागतो, आंबूस वास येतो आणि लेपाचे पापुद्रे हाताला लागतात. असा कोट घेऊन रोज कोणी ना कोणी माझ्याकडे येतो आणि मला नाही म्हणावे लागते, कारण गेलेला लेप परत चढवता येत नाही. पीव्हीसीचा जाड कोट जड असतो आणि त्यातून वारा अजिबात जात नाही. पण त्याचे जोड उष्णतेने वितळवून एकजीव केलेले असतील तर तो वर्षानुवर्षे गळत नाही. गळाच्या टोकाने पडलेले छिद्रही पीव्हीसीसाठीच बनवलेल्या चिकटद्रव्याने ठिगळ लावून बुजवता येते. सायकलच्या ट्यूबचे सोल्यूशन त्यावर नीट धरत नाही, ते लावू नये.

आपल्या बेताप्रमाणे मी असे सुचवीन की पॅन्ट पीव्हीसीची, खांद्यावर पट्टे असलेली आणि छातीपर्यंत येणारी घ्यावी. म्हणजे वाकल्यावर कमरेतून पाणी शिरत नाही. कोट हलका, पूर्ण टेप केलेला घ्यावा. समोरच्या चेनवर व्हेल्क्रोची दुहेरी झडप असावी, कारण मोटारसायकलवर पाऊस समोरून दाबाने आदळतो आणि उघड्या चेनच्या दातांतून थेट छातीवर उतरतो.

नौलखा_ताई

दादा, मुलगा बरोबर आहे म्हणून मी लिहिते आहे. मी वडिलांबरोबर लहानपणापासून नावेत बसत आले आहे.

नावेत बिनबाह्यांची, डोक्यातून घालायची ती घोळदार बरसाती कृपया नेऊ नका. वाऱ्याने ती तोंडावर येते, आणि माणूस पाण्यात पडला तर हातच अडकतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूटही नावेत नकोत. ते पाण्याने भरले की पोहणाऱ्यालाही पाय मारणे कठीण होते. काठावरच्या शेवाळलेल्या दगडांवर सुद्धा मागे पट्टा असलेली, खोल खाचांची सँडल अधिक धरून ठेवते. लाइफ जॅकेट रेनकोटच्या वरून घालायचे असते. म्हणून दुकानात मुलाला दोन्ही एकावर एक घालून पाहा, हात पूर्ण वर करायला लावा आणि मान दोन्हीकडे वळवायला सांगा. टोपी मानेबरोबर वळली नाही तर बाजूने येणारी नाव त्याला दिसणार नाही. आत कडा असलेली साधी कॅप घातली की टोपी डोळ्यांवर उतरत नाही. रंग नारिंगी किंवा पिवळा घ्यावा. मासे बिचकतील म्हणून हिरवा घेण्याचा आग्रह काही जण धरतात, पण धुरकट पावसात आपले मूल चटकन दिसणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

विजेविषयी कोणत्याही कोटाचा भरवसा धरू नका. गळाच्या कार्बनच्या काठीतून वीज वाहते. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर काठी खाली ठेवून नाव काठाला लावायची, झाडाखाली न थांबता पक्क्या छपराखाली जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याजवळ फिरकायचे नाही. तसेच वरच्या धरणांतून पाणी सोडले की पात्र पाहता पाहता चढते. भोंगा ऐकू आला तर सामान गोळा करत बसू नका, आधी मुलाला वर न्या.

रामबागवासी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. काल राणीपुरा आणि सियागंज असे दोन्ही बाजार पायी फिरलो. सात कोट उलटे करून पाहिले आणि त्यांपैकी दोघांतच टोपीच्या जोडापर्यंत टेप सापडली. त्यातला एक, काखेखाली चेन असलेला, स्वतःसाठी घेतला. मुलाच्या मापाचा तसा कोट मिळाला नाही, म्हणून त्याच्यासाठी बाहीला व्हेल्क्रो असलेला पिवळा कोट घेतला आहे. छातीपर्यंतच्या पीव्हीसी पॅन्टा दोघांनाही मिळाल्या.

संध्याकाळी न्हाणीघरात परीक्षा घेतली. आत राखाडी टी-शर्ट घातले, म्हणजे ओलीचा डाग लगेच दिसतो, आणि शॉवरखाली पंधरा मिनिटे काठी फेकण्यासारखे हात हलवत उभे राहिलो. माझी बाही कोरडी राहिली. मुलाच्या उजव्या मनगटापासून चार बोटे वर ओल आली आणि गळ्याशी, चेनच्या टोकाला, रुपयाएवढा डाग दिसला. खांदे व पाठ दोघांचीही कोरडी होती. मुलाची बाही कशी बंद करावी?

शिवणघर

गळ्याचा डाग झडप पूर्ण वरपर्यंत न दाबल्यामुळे असावा, ती दाबून पुन्हा पाहा. बाहीसाठी जुन्या मोज्याचा वरचा लवचीक भाग कापून आतून लावणारे आहेत, पण तो पाणी शोषून कोपराकडे नेतो, म्हणून तसे करू नका. निओप्रिनचा मनगटपट्टा खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तो मुलाच्या मनगटावर घालून त्यावर बाहीचा व्हेल्क्रो आवळा. बाहीत नवी शिवण घालू नका, नाहीतर तिथे पुन्हा टेप लावावी लागेल.

मंडलेश्वरकडचा

परत आल्यावर दोन्ही कोट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगा. कपडे धुण्याची पावडर लावू नका, तिचा अंश राहिला की बाहेरचे कापड पाणी पिऊ लागते. आणि जाम गेटवर पाच मिनिटे थांबून, घाट उतरण्याआधी काखेच्या चेनी उघडा.