विंडोज ७ काढायचंय, पण १० बंद पडायला नको. सल्ला हवा

शाईदौत:
नमस्कार मंडळी. आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आधी विंडोज ७ होतं, नंतर त्याच हार्ड डिस्कवर शेजारी १० टाकून घेतलं. आता ७ कुणी उघडत नाही, पण ८० जीबी अडवून बसलंय. रोज सकाळी 'कोणतं विंडोज?' असं विचारतं आणि मुलगा चुकून ७ दाबतो. १० मधून तो ड्राइव्ह सरळ फॉरमॅट मारू का?

रात्रपाळी:
थांबा, फॉरमॅट मारू नका! ७ आधी टाकलेलं असेल तर १० सुरू करणाऱ्या बूट फायलीही बहुतेक तिकडेच असतात, नाहीतर १०० एमबीच्या 'सिस्टीम रिझर्व्ह्ड' भागात. डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे भाग दाखवणारं विंडोजचं टूल) उघडा आणि 'सिस्टीम' कुणापुढे लिहिलंय ते बघा. 'बूट' या शब्दावर जाऊ नका, तो फक्त सध्या चालू असलेलं विंडोज दाखवतो.

शाईदौत:
१०० एमबीचा भाग नाहीच दादा. 'सिस्टीम, ॲक्टिव्ह' ७ च्याच पुढे आहे.

रात्रपाळी:
मग आधी बॅकअप. नंतर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीबूट (बूट फायली कॉपी करणारी कमांड) चालवून बूट फायली सी ड्राइव्हवर, म्हणजे १० च्या भागावर घ्या. सी चं नाव कमांडमध्ये द्याच, नाहीतर त्या परत ७ कडेच जातात. मग डिस्कपार्ट या कमांडने सी ॲक्टिव्ह करा, म्हणजे कॉम्प्युटर तिथून सुरू होईल, आणि रीस्टार्ट. 'सिस्टीम' सी पुढे आलं की मगच ७ ला हात लावा. सी 'प्रायमरी' (डिस्कचा मुख्य भाग) असेल तरच हे जमतं. 'लॉजिकल' (दुसऱ्या भागाच्या आतला भाग) असेल तर ७ चा भाग ठेवा, फक्त एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलच्या बूट टॅबमधून त्याचं नाव काढा. सकाळचा प्रश्न तेवढ्यानेही मिटेल.

काना_मात्रा:
फॉन्टचं कुणी बोललंच नाही! जुन्या पत्रिका श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या असतील तर ७ च्या फॉन्ट्स फोल्डरमधले सगळे फॉन्ट आधी पेन ड्राइव्हवर घ्या. त्या पत्रिकांच्या फायली युनिकोड (फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणारी पद्धत) नाहीत. फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. एका गिऱ्हाईकाची पत्रिका मी अशीच रात्रभर बसून पुन्हा टाइप केलीय.

शाईदौत:
बरं झालं सांगितलंत ताई, सगळं श्रीलिपीतच आहे. मोकळे झालेले ८० जीबी सी ला जोडता येतील का?

रात्रपाळी:
डिस्क मॅनेजमेंटमध्ये ७ चा भाग सी च्या डावीकडे असेल तर नाही. 'एक्स्टेंड' (भाग वाढवायची सोय) फक्त लगतच्या उजवीकडची रिकामी जागा घेतं. त्याचा वेगळा ड्राइव्ह करून पत्रिका तिथे ठेवा. आणि १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेही मनात असू द्या.

शाईदौत:
फॉन्ट आज रात्रीच काढतो. बाकीचं रविवारी, दुकान बंद असताना.