‘द दा विंची कोड’वरून एवढं रान का पेटलं होतं?

कर्वेनगरकर

नमस्कार. डॅन ब्राऊनच्या ‘द दा विंची कोड’ या रहस्यकादंबरीचा मराठी अनुवाद शनिवारी दुपारी हातात घेतला, तो रविवारी पहाटे खाली ठेवला. लगेच टॉम हँक्सचा 2006 चा सिनेमाही पाहिला. खोलीवर माझ्यासोबत वसईचा एक मित्र राहतो, ख्रिस्ती आहे. आम्ही दोघं जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो, पण या सिनेमाचं नाव काढलं तसा तो उठून गॅलरीत गेला. नंतर एवढंच म्हणाला, “आमच्याकडे ते पुस्तक घरात ठेवत नाहीत.” सिनेमा आला तेव्हा आम्ही दोघंही चार-पाच वर्षांचे. म्हणजे हा राग त्याला घरातून आलेला.

मी पुण्यात वाढलो. जानेवारी 2004 मध्ये एका पुस्तकापायी भांडारकर संस्थेची काय नासधूस झाली ते लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे ‘भावना दुखावल्या’ हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. कादंबरी ही कादंबरी, ती लिहायला कुणाची परवानगी लागू नये, असंच मला वाटतं. पण मित्राशी वाद जिंकण्यात मला रस नाही. त्याला नक्की काय लागलं असेल? येशूचं त्याची शिष्या मग्दालीया मरीया हिच्याशी लग्न झालं होतं, त्यांचा वंश पुढे चालला आणि एका गुप्त संस्थेने ते गुपित जपलं असं दाखवलं, एवढंच?

मडगावकर

मी कायद्याच्या बाजूने सांगतो, श्रद्धेचं कुणीतरी जाणतं सांगेलच.

17 मे 2006 ला सिनेमा कान महोत्सवात दाखवला आणि दोन दिवसांनी जगभर लागला. आपल्याकडे तो अडला. त्या वेळचे माहिती-प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी चर्चच्या प्रतिनिधींसोबत बसून तो पाहिला. शेवटी सेन्सॉर बोर्डाने ‘ए’ प्रमाणपत्र दिलं, आणि हे सगळं काल्पनिक आहे अशी पाटी घालायला लावली. मुंबईत उपोषण झालं, मोर्चे निघाले. एवढं होऊनही नागालँड, पंजाब, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि आमच्या गोव्यात राज्य सरकारांनी बंदी घातली.

आंध्र आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यातली बंदी उठवली. बोर्डाने एकदा प्रमाणपत्र दिल्यावर, गडबड होईल या भीतीने राज्याला सिनेमा रोखता येत नाही, हा त्यातला मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या रंगराजन खटल्यातच सांगून ठेवलंय की मोर्चा-दंगलीच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दाबायची नाही, लोकांचं संरक्षण करणं हे सरकारचं काम आहे. याही सिनेमावर देशभर बंदी घाला म्हणून याचिका गेली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

ज्या देशांत ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत अशा बहुतेक ठिकाणी तो बंदीशिवाय चालला, ही गोष्ट मला आजही खटकते.

वाडीवरची

कर्वेनगरकर, तुम्ही मित्राला समजून घ्यायला विचारताय म्हणून सविस्तर लिहिते.

मी वसईची, गिरीजच्या बाजूची. 2006 साली आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की नववी-दहावीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवत असे. पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण नुकताच झाला होता. वर्गातल्या एका मुलाने चर्चगेटच्या फुटपाथवरून या पुस्तकाची चोरटी इंग्रजी प्रत आणली होती, पुसट छापलेली, शिवण सुटलेली. सुरुवातीचंच एक पान उघडून त्याने माझ्यापुढे धरलं. वर ठळक अक्षरात शब्द होता, ‘फॅक्ट’. खाली लिहिलेलं की प्रायरी ऑफ सायन ही 1099 साली स्थापन झालेली गुप्त संस्था खरी आहे, आणि या कादंबरीतली चित्रं, वास्तू, कागदपत्रं, गुप्त विधी यांची सगळी वर्णनं अचूक आहेत.

“टीचर, हे खरं आहे असं त्यांनीच लिहिलंय. मग आम्हाला इतकी वर्षं काय शिकवलं?”

पोरगा उद्धट नव्हता. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. तुमच्या मित्राच्या घरी काय झालं असेल ते मला त्या चेहऱ्यावरून कळतं. कुणी ‘ही गोष्ट आहे’ म्हणून काहीही लिहावं, मी वाचेन. पण ‘हे खरं आहे’ म्हणून सही करून दिलं की ते तपासलं जाणारच.

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत शिकवणाऱ्या एका फादरांकडे गेले, त्यांनी पिशवीभर पुस्तकं दिली. आठवडाभर केळीच्या वाडीचं काम उरकलं की रात्री वाचत बसायचे. ती प्रायरी 1956 मध्ये पिएर प्लांतार नावाच्या माणसाने मित्रांसोबत फ्रान्समध्ये नोंदवलेली निघाली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले ते ‘गुप्त दस्तऐवज’ त्याच मंडळींनी साठच्या दशकात तिथे नेऊन ठेवलेले, बनावट. बिशपांची निकेयाची परिषद 325 ची. तिथे थोडक्या मताधिक्याने येशूला देव ठरवलं असं कादंबरीतला विद्वान सांगतो. प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास बिशपांपैकी अखेरपर्यंत सही न करणारे दोनच होते. शिवाय बायबलमधली पौलाची पत्रं पहिल्या शतकातली, त्यांत येशूला प्रभू म्हणून आळवलेलंच आहे. लग्नाचा पुरावा म्हणून कादंबरी पुढे करते तो, फिलिपचं शुभवर्तमान (गॉस्पेल) म्हणतात तो ग्रंथ 1945 मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडला. कादंबरीत तो अरामीत असल्यासारखं बोलतात, आहे तो कॉप्टिक भाषेत. येशूने मग्दालीया मरीयेचं चुंबन घेतलं ते कुठे, हे सांगणारा शब्द जिथे असायला हवा, नेमका तिथेच पपायरस फाटलेला आहे. ती फट कादंबरीने स्वतःच्या सोयीने भरली.

राहिला चित्राचा प्रश्न. लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’त येशूच्या उजव्या हाताला बसलेली व्यक्ती त्याचा शिष्य योहान नसून मरीया आहे, असं पुस्तक म्हणतं. मी झेरॉक्स काढून नेली होती, पण तिच्यात सगळे चेहरे काळे ठिक्कर. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर टांगलेली त्याच चित्राची तसबीर मी काढली. सासऱ्यांच्या लग्नातली ती. काढली तेव्हा भिंतीवर मागे पांढरा चौकोन उरला. ती तसबीर ओट्यावर उभी केली आणि मुलांना म्हटलं, येशूला सोडून माणसं मोजा. एक मुलगी काचेवर बोट टेकवत मोजत गेली. बारा. “शिष्यही बाराच. आता ही मरीया धरली तर योहान कुठे गेला?” त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाने परत एकदा मोजलं, आणि मग तो पहिल्यांदा मोकळा हसला. बिनदाढीचा, कोवळा योहान काढायची त्या काळच्या चित्रकारांची पद्धतच होती.

हे सगळं ओट्यावर का झालं तेही सांगते. तोवर वर्ग माझ्याकडे राहिला नव्हता. बंदीच्या मागणीचा कागद सह्यांसाठी फिरत होता. मी सही केली नाही. ‘उत्तर देऊ, बंदी नको,’ म्हटलं. शिकवणाऱ्यांच्या बैठकीत मला सांगितलं गेलं की त्या पुस्तकाचं नाव वर्गात काढायचं नाही, आणि पुढच्या रविवारी माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या. ते मला फार लागलं. मुलं विचारतात तेव्हाच आपण गप्प बसलो तर ती फुटपाथवरच्या पुस्तकाकडेच जाणार. अकरा मुलं संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊ लागली, ती पावसाळा संपेपर्यंत येत होती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ‘लग्न, एवढंच?’ इथे मला माझ्याच लोकांशीही थोडं भांडायचंय. मरीयेवर अन्याय झाला, हे कादंबरीचं म्हणणं खरं आहे. पोप ग्रेगरी पहिले यांनी 591 च्या सुमारास एका प्रवचनात तिला लूकच्या शुभवर्तमानातल्या निनावी पापी स्त्रीशी जोडून टाकलं. तेव्हापासून ती वेश्याच समजली गेली. शुभवर्तमानात तसं कुठेही नाही. कॅथलिक पंचांगात ही चूक 1969 ला दुरुस्त झाली. तिच्या 22 जुलैच्या दिवसाला प्रेषितांच्या बरोबरीचा सण म्हणून मान मिळाला तो पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2016 मध्ये. इतकी शतकं लागली!

पण कादंबरी तिला काय परत देते? ती कुणाची बायको आणि कुणाच्या वंशाची आई. तिचं मोठेपण तिच्या गर्भाशयात. मी वाडीत राबलेली, दोन मुली वाढवलेली बाई आहे, मला ते वाचून संताप आला. योहानच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ती येशूच्या कबरीबाहेर रडत उभी आहे. पेत्र आणि योहान येऊन, बघून, घरी गेलेत. ती मात्र हललेली नाही. समोर उभा असलेला माणूस तिला माळी वाटतो. तो फक्त “मरीये” म्हणतो, आणि ती ओळखते. मग तो तिलाच पाठवतो, जा, माझ्या भावांना सांग. पुनरुत्थानाची, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाल्याची बातमी पहिल्यांदा जगाला सांगितली ती एका बाईने, आणि त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. ओट्यावर हा भाग वाचताना तीच तसबीर मोजणारी मुलगी “मरीये”पाशी थांबली, तिला पुढे वाचता येईना. आम्ही सगळेच गप्प बसलो होतो.

मे अखेरीस नवऱ्यासोबत बोरिवलीला जाऊन सिनेमाही पाहिला. त्यात ते ‘फॅक्ट’चं पान नाही, आणि नायक त्या म्हाताऱ्या विद्वानाला मधूनमधून हटकतोसुद्धा. पुस्तकापेक्षा सिनेमा सौम्य, पण मोर्चे सगळे सिनेमावर.

सीनकाठी

ताई, मनापासून लिहिलंत. मी तेव्हा पॅरिसला नोकरीला होतो. कादंबरीतला एक प्रसंग सेंट सुल्पिस चर्चमध्ये घडतो. जमिनीतली पितळी रेघ म्हणजे ‘रोझ लाइन’ नावाची गूढ रेषा, आणि हे चर्च जुन्या मूर्तिपूजकांच्या देवळावर बांधलेलं, असं त्यात आहे. 2007 मध्ये मी तिथे गेलो तर त्या रेघेजवळ पाटी लावलेली. एका अलीकडच्या कादंबरीत म्हटलंय तसं हे मूर्तिपूजकांच्या देवळाचे अवशेष नाहीत, आणि खिडकीवरची ‘पी’ व ‘एस’ ही अक्षरं पीटर आणि सुल्पिस या संतांची आहेत, काल्पनिक प्रायरीची नाहीत. शांत, सभ्य भाषेत. ती रेघ अठराव्या शतकातलं खगोलाचं उपकरण आहे. वरच्या छिद्रातून येणारा सूर्याचा ठिपका तिच्यावरून सरकतो, त्यावरून संपात (दिवस-रात्र समान असतात तो दिवस) आणि ईस्टरची तारीख काढायची. मी तासभर तो ठिपका सरकताना पाहत उभा होतो. खरी गोष्ट कादंबरीतल्या गोष्टीपेक्षा सुंदर निघाली.

या चर्चने चित्रीकरणाला परवानगी नाकारली, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेनेही नाकारली. इंग्लंडमधल्याच लिंकनच्या कॅथेड्रलने दिली. तिथे एक जोगीण (नन) दिवसभर बाहेर गुडघे टेकून प्रार्थना करत बसली होती. कुणाचं काम अडवलं नाही तिने. मला तो विरोध पटला.

एक राहिलं: कादंबरीतला खुनी ओपस देई या कॅथलिक संस्थेचा ‘संन्यासी’ आहे. 1928 मध्ये स्पेनमध्ये निघालेल्या त्या संस्थेत संन्यासी नसतातच, बहुतेक सभासद नोकरी-संसारातले लोक. शिवाय खुनी म्हणून पांढऱ्या कातडीचा, पांढऱ्या केसांचा माणूस दाखवल्याने तशी त्वचा घेऊन जन्मलेले लोकही दुखावले. त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोललं नाही.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री मित्राला वाचून दाखवला. तसबिरीपाशी तो म्हणाला, “आमच्याकडे पण आहे तशीच, फ्रिजच्या वर.” मग बराच वेळ बोलला. त्याच्या आईने ते पुस्तक त्याच्या मोठ्या भावाच्या दप्तरातून काढून बंबात घातलं होतं, आणि भाऊ पुढे कित्येक महिने मिस्साला गेला नाही. हे त्याने मला आजवर सांगितलं नव्हतं.

तुम्ही सांगितलेला तो विसावा अध्याय मला मराठीत वाचायचाय. कुठला अनुवाद घेऊ?

वाडीवरची

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या. ते आमच्या वसईचेच. या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालाय, भाषा तुम्हाला आपली वाटेल. योहान, अध्याय 20, वचनं 11 ते 18. मित्राला मोठ्याने वाचायला सांगा.

त्याच्या भावाला माझा निरोप द्या. वसईला आला की ओट्यावर ये म्हणावं, तसबीर अजून तिथेच आहे.