मदत हवी आहे: सर्व्हिस चार्ज परत मिळवायला पुढे कुठे जायचं?

बाणेरच्या एका रेस्टॉरंटने ३,२०० च्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, म्हणजे ३२०. वर ५ टक्के जीएसटी ३,५२० वर! काढायला सांगितलं तर मॅनेजर म्हणाला, "मेनू कार्डवर लिहिलंय की." सोबत ज्येष्ठ मंडळी होती, म्हणून वाद न घालता यूपीआयने पैसे दिले. बिलाचा फोटो आहे, पेमेंटची नोंदही आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या वैध ठरवल्या. टिप द्यायला माझी ना नाही, पण ती माझ्या मर्जीने.

रेस्टॉरंटला ईमेल केला, उत्तर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार केली, तर मेनू कार्डचंच कारण पुढे करून प्रकरण बंद. वकील लावायचा नाही, रक्कमच तेवढी नाही.

आता पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा की थेट जिल्हा ग्राहक आयोगात? आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे माहीत आहे. पण आधी नोटीस पाठवावी लागते का, आणि तारखांना दर वेळी स्वतः हजर राहावं लागतं का? पुण्यात कोणी हे केलंय का?