फुगवायची कयाक घ्यायचीय, गळ टाकायला – काय बघून घेऊ?

विषय: फुगवायची कयाक – मासे पकडायला

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसते मेल वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. गेला सगळा सीझन काठावर उभं राहून गळ टाकला, आणि मासे उसळतात ते नेमके माझा गळ पोचतो त्याच्या वीसपंचवीस फूट पुढे, लव्हाळ्याच्या पलीकडे. म्हणून आता कयाक घ्यायचं पक्कं केलंय. कडक प्लास्टिकची ठेवायला जागा नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गाडी छोटी, टपावर कॅरियर नाही, त्यामुळे फुगवायचीच घ्यावी लागणार.

एक बघून ठेवलीय. दोन सीटची, चार रॉड होल्डर, कप होल्डर, मागे जाळीची पिशवी, आणि १८० किलो वजन चालतं असं लिहिलंय. माझं वजन ८४. जाणार एकटाच, समुद्रात नाही, तळं आणि संथ नदी एवढंच. पोहता येतं पण जेमतेम. मुख्य शंका ही की गळ लागून फुटेल का? आणि होल्डर चार पुरतील की जास्त लागतात? कुणी वापरत असेल तर प्लीज सांगा.

---

विषय: उ: फुगवायची कयाक – मासे पकडायला

नमस्कार,

घेण्याआधी विचारलंत ते फार बरं केलंत. मी सात वर्षं फुगवायचीच वापरतोय, आत्ताची तिसरी, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

होल्डर मोजू नका. होल्डर नंतर कधीही बसवता येतात, पीव्हीसीचा बेस चिकटवायचा आणि त्यावर हवा तो होल्डर लावायचा, तासाभराचं काम आणि ग्लू वाळायला एक दिवस. बूड मात्र नंतर बदलता येत नाही, म्हणून पैसे बुडात घाला.

नुसतं फिरायला जाणारा माणूस कयाक चालते कशी ते बघतो, आपल्याला ती थांबते कशी ते बघायचं असतं. तीन तास पाण्यावर असलात तर त्यातले अडीच तास तुम्ही एका जागी बसून असणार, हातात वल्हं नाही रॉड असणार, आणि तेव्हा तुमचा खरा सामना वाऱ्याशी असतो. फुगवायची कयाक साधारण १५ किलोची, कडक फिशिंग कयाक ३०-४० किलोच्या घरात जाते. हलकी म्हणून तिसऱ्या मजल्यावर नेता येते हे खरं, पण त्याच कारणाने ती पाण्यात जेमतेम बुडते आणि बाकी सगळं अंग वर राहतं, वारा त्या अंगाला शिडासारखा ढकलतो. गळ टाकला, लाइन ताणली की कयाक तोंड फिरवते, तुम्ही रॉड खाली ठेवून वल्हं उचलता, तोवर मासा गेलेला असतो. मी पहिलं वर्ष असंच घालवलं.

आता बुडाचं. सगळ्यात स्वस्त कयाक पातळ व्हिनाइलच्या असतात, त्यात १ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा भरायची, मधे बसलं की केळ्यासारखी वाकते, आणि वाकलेली कयाक सरळ जात नाही आणि वळताना ऐकत पण नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे जाड पीव्हीसीच्या गोल ट्यूबा, साधारण ३ पीएसआय. आणि तिसरं ड्रॉप-स्टिच. यात वरच्या आणि खालच्या कापडाच्या मधे हजारो धागे उभे विणलेले असतात, त्यामुळे हवा कितीही भरली तरी ते फुगून गोल होत नाही, फळीसारखं सपाट आणि कडक राहतं, ८ ते १० पीएसआय आरामात घेतं. हे तंत्र नवीन नाही बरं का, गुडइयरने १९५६ साली याच प्रकारच्या कापडाचं फुगवायचं विमान बनवलं होतं आणि ते उडालं पण होतं! मला हे कळलं तेव्हा माझा या बुडावरचा विश्वास एकदम वाढला.

पण म्हणून पूर्ण ड्रॉप-स्टिचचीच घ्या असं मी म्हणणार नाही. बाजूच्या भिंती पण सपाट असलेल्या कयाक जोरात पळतात, दिसतात पण देखण्या, मासे पकडताना मात्र मला त्या आवडल्या नाहीत. मासा जाळ्यात घ्यायला तुम्ही एका बाजूला झुकता, त्या वेळी गोल जाड ट्यूब पाण्यात दाबली जाते आणि उलट वर रेटते, तो आधार सपाट भिंतीत कमी मिळतो. माझं मत, बूड ड्रॉप-स्टिचचं आणि बाजूला गोल ट्यूबा, अशी मिश्र घ्या. रुंदी ९० सेंटीमीटरच्या आसपास, लांबी ११-१२ फूट. याहून रुंद घेतली तर उभं राहून गळ टाकता येईल पण वल्हवताना हात ट्यूबला घासत राहतील आणि वाऱ्यात परत यायला दम निघेल.

गळाची भीती जवळजवळ सगळ्यांना असते, मलाही होती. १००० डेनियरचं (डेनियर म्हणजे आतल्या धाग्याच्या जाडीचं माप) पीव्हीसी असेल तर गळ नुसता लागून आत जात नाही, सरकतो. माझी आजवर दोनदा फुटली, एकदा माशाच्या पाठीच्या काट्याने आणि एकदा काठावरच्या खडीवरून ओढल्यामुळे. तीन काट्यांचा गळ असलेला लूर (नकली आमिष) मात्र सांभाळा, मासा तडफडत असताना एक काटा त्याच्या तोंडात आणि दुसरा ट्यूबवर, असा जोर आला तर भोक पडतं. गळाचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, मांडीवर आणि बाजूच्या ट्यूबवर जुनी योगा मॅट कापून टाका, आणि सुरी म्यानातच ठेवा. हवेचे कप्पे निदान तीन हवेत, दोन बाजूंचे आणि एक बुडाचा, म्हणजे एक गेला तरी बाकीच्यांवर काठ गाठता येतो.

राहता राहिलं वजन. १८० चा आकडा हा बुडणार नाही याचा आकडा आहे, नीट चालेल याचा नाही. दोनतृतीयांश धरा, म्हणजे १२०. तुमचे ८४ आणि सामानाचे १५, जमतंय. पण दोन सीटच्या कयाकमधे एकट्याने मागच्या सीटवर बसू नका, पुढचं टोक वर उचललं जातं आणि वारा पहिला तेच पकडतो. पुढची सीट काढून मागची मधे सरकवता येते का हे घेण्याआधी नक्की बघा, काहींच्यात येत नाही.

---

विषय: उ: उ: फुगवायची कयाक – मासे पकडायला

दादांनी छान लिहिलंय, मी फक्त घरी आणल्यानंतरचं लिहिते कारण आमची पहिली कयाक पाण्यात नाही, घरी खराब झाली.

पाण्यातून काढली, वरवर पुसली, गुंडाळून कपाटात ठेवली. तीन आठवड्यांनी उघडली तर बूड आणि ट्यूबच्या मधल्या फटीत बुरशी, काळे डाग आणि असा वास की गॅलरीत ठेवावी लागली. त्या फटीत पाणी साठतं ते दिसत नाही. आता आम्ही बूड वेगळं काढता येतं अशीच घेतलीय, घरी आल्यावर ते बाहेर काढायचं, दोन्ही उभं करून वाळवायचं, पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. फ्लॅटमधे ११ फुटांची कयाक वाळवायची कुठे हा विचार घेण्याआधी करा, मोजपट्टी घेऊन हॉल मोजा खरंच. एका तळ्यातलं पाणी आणि शेवाळ दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून पण हे वाळवणं महत्त्वाचं आहे, त्यातून नको ते शिंपले आणि पाणवनस्पती पसरतात.

दुसरं, ऊन. आमच्या एका कयाकची शिवण उन्हात उघडली, काठावर फुगवून ठेवून आम्ही जेवायला बसलो होतो. नंतर मी हिशोब करून बघितला. सकाळी १५ अंशाला ३ पीएसआय भरलंत आणि आतली हवा ४० अंशाला गेली तर तेच ४.५ होतं. १० भरलेलं १२ होतं. म्हणजे कमी दाबाच्या ट्यूबला उन्हाचा फटका उलट जास्त बसतो, हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. पाण्यातून बाहेर काढली की थोडी हवा सोडायची, सवयच लावून घ्या. आणि उलटं पण होतं, ३५ अंशाच्या उन्हात ३ भरून १५ अंशाच्या पाण्यात टाकली की २ च्या खाली जाते आणि मऊ लागते, लोक घाबरतात की पंक्चर झाली. पंक्चर नसतं, पाच मिनिटं पाण्यावर थांबा आणि परत भरा.

यासाठी गेजवाला पंप हवाच, हाताने दाबून कळत नाही. साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत ठेवा, सायकलच्या ट्यूबसारखंच, बुडबुडे आले की तिथे भोक. बऱ्याचदा भोक नसतंच, व्हॉल्व्हमधे वाळूचा कण अडकलेला असतो.

---

विषय: उ: उ: उ: फुगवायची कयाक – मासे पकडायला

दादा, ताई, मनापासून थँक्यू. हॉल मोजला, तिरकी ठेवली तर बसते. त्या चार होल्डरवालीचं बूड ड्रॉप-स्टिच नाही निघालं म्हणून ती सोडली. आता वाऱ्यात थांबायचं कसं ते सांगा, नांगर टाकायचा का? की छोटी इलेक्ट्रिक मोटर लावावी?

---

विषय: उ: उ: उ: उ: फुगवायची कयाक – मासे पकडायला

तुझ्या पहिल्या मेलमधलं एक वाक्य कुणी उचललं नाही म्हणून मी लिहितोय. पोहता येतं पण जेमतेम, आणि जाणार एकटाच. बाळा, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

मोटर आत्ता नको. मोटर लावली की बऱ्याच ठिकाणी नोंदणी लागते, बॅटरीचं वजन मागे येतं, आणि वल्हवून जिथून परत येता येत नाही तिथपर्यंत ती तुला नेते. आधी एक वर्ष वल्ह्यावर काढ.

तळ्यात नांगर चालेल, दीड किलोचा घडीचा पुरतो, दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट सोड नाहीतर तो नुसता घसटत येतो. पण दोर बांधायचा तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला, बाजूच्या कडीला कधीही नाही. बाजूला बांधलास आणि पाणी किंवा वारा आडवा आला की ती बाजू खाली ओढली जाते आणि कयाक उलटते, कळायच्या आत. वाहत्या नदीत तर नांगर टाकूच नकोस, संथ दिसली तरी. तिथे ड्रिफ्ट सॉक वापर, कापडाचा नरसाळ्यासारखा असतो, पाण्यात सोडला की वाऱ्याने वाहत जाणं मंद होतं, आणि मला विचारशील तर तळ्यात पण वाहत वाहत गळ टाकण्यात जास्त मासे मिळतात. दोर कापायला सुरी हाताशी ठेव, बॅगेत नाही.

लाइफ जॅकेट अंगात, बंद लावून. ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेट किती जोराने वर उचलतं त्याचं माप) असतं ते चांगलं पोहणाऱ्यासाठी. तू १०० चं बघ, त्यात तोंड पाण्याबाहेर राहावं अशी रचना असते. पाठीला वरच्या बाजूला फोम आणि खाली जाळी असलेलं मिळालं तर सीटच्या पाठीला अडत नाही, मग काढून ठेवायचा मोह होत नाही. शिट्टी त्यालाच बांध, आणि फोन वॉटरप्रूफ पाऊचमधे अंगावर ठेव, कयाकमधे नाही.

आणि कपडे हवेप्रमाणे नाही, पाण्याप्रमाणे घाल. वसंतात ऊन छान पडतं पण पाणी अजून हिवाळ्यातलंच असतं. गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप लागते, त्यात फक्त श्वास सांभाळायचा, मग साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात, आणि शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे परत कयाकमधे चढायचं ते त्या दहा मिनिटांत. सोबत कुणीतरी असल्याशिवाय पहिले काही महिने जाऊ नकोस, मला मेल कर, मी येतो. मासे मिळोत न मिळोत, काठावर बसायला मला आवडतंच.

विकत घेण्याआधी एकदा कुणाची तरी मागून घे आणि छातीएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून परत चढून बघ.

---

विषय: उ: उ: उ: उ: उ: फुगवायची कयाक – मासे पकडायला

काका, राग कसला, डोळे उघडले. ताईंनी त्यांची कयाक दिली आणि रविवारी काका स्वतः आले होते, काठावर दोर धरून उभे.

उलटी सरळ करणं सोपं गेलं, हलकी असल्यामुळे एका हाताने फिरते. चढणं नाही. पहिल्या दोन वेळा मी ट्यूब धरून स्वतःला वर ओढायला गेलो आणि कयाक अंगावर आली. मग काकांनी सांगितलं की आधी पाय मागे आडवे कर, पाण्यावर पालथा हो, पाय मारत मारत छाती ट्यूबवर आण आणि मग वळ. तिसऱ्यांदा जमलं, चौथ्यांदा पण. पाचव्यांदा हात थकले, तेव्हा कळलं की दहा मिनिटं म्हणजे किती कमी असतात. पलीकडच्या बाजूला एक पट्टा बांधून ठेवला तर धरायला मिळतं, तो बांधणारच.

आणि तिथेच ठरलं, बूड ड्रॉप-स्टिच, बाजूला गोल ट्यूबा, ९१ सेंटीमीटर रुंद, सीट मधे सरकते, बूड बाहेर निघतं, तीन कप्पे. होल्डर एकच आहे. जॅकेट १०० चं आधीच घेतलं.

एक विचारायचं राहिलं, दादा, तिच्यासोबत दोन फिन (बुडाखाली लावायची पाती) येतात, एक लांब एक आखूड. लव्हाळ्यात कुठलं लावू?

---

विषय: उ: उ: उ: उ: उ: उ: फुगवायची कयाक – मासे पकडायला

लव्हाळ्यात आखूड, लांब फिनला गवत गुंडाळतं आणि कयाक जड झाल्यासारखी वाटते. मोकळ्या पाण्यात लांब. अजिबात न लावता जाऊ नका, दर वल्ह्याला तोंड फिरेल. आणि घडी करताना फिन काढून वेगळं ठेवा, नाहीतर गुंडाळीत त्याचंच टोक कापडात घुसतं.